दुखणारा हात, बधिर होणारा हात : प्रस्तावना

‘हात दुखतो’ म्हणून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत बहुतेक वेळा मानेचा एमआरआय असतो. कुणीतरी ‘मणक्यात गॅप’ असल्याचं सांगितलेलं असतं, गळ्यात पट्टा असतो, बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांचा कोर्स होऊन गेलेला असतो आणि घरच्यांनी दंडापासून मनगटापर्यंत तेल चोळून झालेलं असतं. एवढं सगळं होतं, पण हातातलं नेमकं कोणतं बोट बधिर होतं, हे त्याला अजून कुणी विचारलेलं नसतं.

विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं : ‘सगळाच हात.’ मी म्हणतो, आज रात्री जाग आली की दिवा लावा आणि एकेक बोट दुसऱ्या हातानं चाचपून बघा. पुढच्या खेपेला उत्तर बदललेलं असतं. ‘करंगळी नाही हो डॉक्टर. अंगठ्याकडची तीन, आणि शेजारच्या बोटाची आतली बाजू.’ या एका वाक्यानं मान बरीचशी सुटते आणि मनगट सापडतं. अनामिकेचा अर्धा भाग बधिर आणि अर्धा शाबूत, अशी सरळ रेघ मानेतली नस सहसा आखत नाही. ती आखली जाते मनगटापाशी.

हातापायांच्या नेहमीच्या दुखण्यांवरचं हे पुस्तक अशाच प्रश्नांभोवती उभं आहे. त्यात दोन जातींची दुखणी आहेत. पहिल्या जातीत नस, म्हणजे मज्जातंतू, वाटेत कुठेतरी अरुंद जागी दाबली जाते. दुसरीत त्रास असतो तो कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पांढऱ्या पट्ट्याला, नाहीतर तिच्या आवरणाला, नाहीतर सांध्याभोवतालच्या पिशवीला. दोन्ही ठिकाणी रुग्ण ‘दुखतं’ असंच म्हणतो. पण दोन्हींचं वेळेशी असलेलं नातं अगदी उलटं आहे आणि मला या पुस्तकात मुख्यतः तेच सांगायचं आहे. कंडरेचं दुखणं कितीही ठणकलं तरी बहुतेकदा महिन्यांच्या हिशेबात आपोआप ओसरतं. दबलेली नस सुरुवातीला दुखते, मग दुखायची थांबते, आणि ती थांबते तेव्हाच खरी घाई करायची असते. आपल्याकडे घाई होते ती ठणक्याची. कोपर दुखला की आठवड्यात इंजेक्शन, आणि बोटं बधिर झाली तर ‘आता दुखत नाही, बरं आहे’ म्हणून दोन वर्षं घरी.

कार्पल टनेल सिंड्रोम हे या सगळ्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांची खोलगट पन्हळ आहे आणि तिच्यावर एक जाड, न ताणणारा बंध आडवा टाकलेला आहे. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन ही एकच नस. कंडरांचं आवरण जरा सुजलं तरी जागा वाढत नाही, दाब वाढतो, आणि त्या गर्दीत सगळ्यात मऊ असते ती नस. १९८१ साली अमेरिकेत गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक नळी घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी माणसात तो पाऱ्याच्या सरासरी अडीच मिलिमीटरइतका होता, रुग्णांत सरासरी ३२. रुग्णाचं मनगट पूर्ण आत दुमडलं की तो नव्वदीपार जाई, आणि मागे वाकवलं की त्याहूनही वर. रात्रीच जाग का येते, याचं निम्मं उत्तर या आकड्यांत आहे. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली किंवा गालाखाली घेतो आणि तसेच तासभर पडून राहतो. मग दोन-अडीचला हाताला आग सुटते, माणूस उठून बसतो, हात झटकतो, खाटेवरून खाली लोंबकळता ठेवतो. हात झटकल्यावर बरं वाटतं असं रुग्णानं आपणहून सांगितलं, तर पुढच्या तपासण्या बहुतेक वेळा शिक्कामोर्तबापुरत्या उरतात.

आज हे पुस्तकातलं पहिलं प्रकरण वाटतं, पण ते सापडायला जगाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. मनगटाचं हाड मोडल्यानंतर ही नस दबू शकते, हे इंग्लंडमध्ये जेम्स पॅजेटनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लिहून ठेवलं होतं. १९१३ साली पॅरिसमध्ये प्येर मारी आणि शार्ल फ्वा यांनी एका वृद्धेच्या शवविच्छेदनात मनगटाच्या बंधाशी गाठीसारखी फुगलेली नस पाहिली आणि वेळेवर तो बंध कापला असता तर हाताचा स्नायू वाचला असता, असंही सुचवलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढची दोन-तीन दशकं रात्री हाताला मुंग्या येणाऱ्या बायकांचा दोष मानेच्या मुळाशी शोधला गेला. मानेतली जादा बरगडी काढली गेली, तिथले स्नायू कापले गेले. १९४७ मध्ये लंडनच्या रसेल ब्रेन यांनी सहकाऱ्यांसह सहा रुग्ण ‘लॅन्सेट’मध्ये मांडले आणि बोट पुन्हा मनगटावर ठेवलं. (आडनावच ब्रेन, पुढे ते ‘ब्रेन’ याच नावाच्या नियतकालिकाचे संपादकही झाले.) तिथून पुढचं काम क्लीव्हलँडच्या जॉर्ज फॅलेन यांचं. १९६६ साली त्यांनी सतरा वर्षांत पाहिलेल्या ६५४ हातांचा हिशेब छापला, तेव्हा कुठे जगभरच्या साध्या दवाखान्यांत हे निदान होऊ लागलं. दोन्ही मनगटं मिनिटभर खाली दुमडून धरायची आणि बोटांना मुंग्या येतात का ते पाहायचं, ही फॅलेनची चाचणी. तिला ना यंत्र लागतं, ना पैसा.

मान आधी आणि मनगट नंतर हा प्रवास आपल्याकडे अजून रोज नव्यानं होतो, म्हणून हा इतिहास इतका लांबवला. चाळिशीपुढच्या मानेच्या एमआरआयमध्ये काही ना काही सापडतंच. काहीच न दुखणाऱ्या माणसांतही सापडतं. अहवालात ‘डिस्क बल्ज’ लिहिलेलं असलं की हाताकडे पाहायची गरज कुणाला वाटत नाही.

हाताकडे पाहायचं म्हणजे काय, ते सांगतो. दोन्ही तळवे वर करून टेबलावर ठेवायला सांगावं आणि उजेड बाजूनं येऊ द्यावा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो दोन्हीकडे सारखा भरलेला आहे का ते पाहावं. जुन्या रुग्णात एका बाजूचा उंचवटा चपटा झालेला दिसतो, कातडीखाली हाडाची कड जाणवते. मग अंगठा तळव्यापासून सरळ वर, छताकडे उचलायला सांगावा आणि बोटानं दाबून त्याची ताकद बघावी. बाईंना विचारावं, भाकरी उलटताना तर्जनी भाजते का? ‘परवा भाजली, फोड आल्यावर कळलं’ असं उत्तर आलं तर नस दुखण्याच्या पलीकडे गेलेली आहे. ब्लाउजचा हुक न बघता लावता येत नाही, सुई हातातून पडते, पर्समधलं नाणं की चावी ते बोटांना ओळखू येत नाही, या तक्रारींना मी ठणक्यापेक्षा जास्त वजन देतो. एक बारीक गोष्ट आणखी. तळव्याच्या मधल्या कातडीची संवेदना या आजारात शाबूत राहते, कारण तिला जाणारी फांदी बोगद्यात न शिरता बंधाच्या वरून जाते. तळवाही बधिर असेल तर दोष मनगटाच्या वर कुठेतरी शोधावा.

सौम्य आजाराला रात्रीची पट्टी पुरते. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रोज रात्री बांधायची, काही आठवडे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ पट्ट्यांतली पत्र्याची पट्टी मनगट मागे वाकवून ठेवते. वरचे आकडे आठवले तर ती सपाट करून घ्यायला का सांगतो ते कळेल. गरोदरपणात हा त्रास अनेकींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. तिथे पट्टीपलीकडे जायची वेळ क्वचित येते. थायरॉइड, मधुमेह, संधिवात असेल तर त्याचा उपचार आधी. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे ते काही महिने आराम देतं; पुष्कळांत दुखणं परत येतं. स्नायू झिजायला लागला असेल किंवा बधिरपणा चोवीस तास टिकत असेल, तर बंध कापून नसेला जागा करून द्यावी. हात तेवढा बधिर करून, तळव्यावर दोन-तीन सेंटिमीटरची चीर घेऊन होणारं हे छोटं काम आहे. बहुतेकांना पहिल्या काही रात्रींतच झोप लागते. बधिरपणा जायला महिने लागतात आणि पूर्ण झिजलेला उंचवटा पुन्हा भरून येईल असं वचन कुणी देऊ नये.

करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका बधिर होते तेव्हा वाट वेगळी असते. ही अल्नर नस. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, ती जवळजवळ कातडीखालीच असते. दाराच्या चौकटीवर कोपर आपटला की करंट बसतो तो तिच्यामुळे. कोपर दुमडला की ती ताणली जाते आणि तिची जागाही आक्रसते. फोन कानाला लावून तासन्‌तास बोलणारे, कोपर दुमडून हात डोक्याखाली घेऊन झोपणारे, रिक्षाच्या चौकटीवर कोपर टेकवणारे असे रुग्ण नेहमीचे. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत हीच नस मनगटापाशी, हँडलवर दाबून, त्रास देते.

पण आपल्या मुलखात अल्नर नसेवर हात ठेवताना आणखी एक गोष्ट डोक्यात हवी आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकं तिला एका ओळीत उरकतात. कुष्ठरोग. त्याचा जंतू थंड जागी, कातडीलगतच्या नसांत घर करतो. कोपराच्या जरा वर अल्नर नस बोटाखाली घेऊन पाहिली तर ती जाड, कधी दुखरी लागते. अंगावर फिकट, न कळणारा चट्टा असतो. तो पाठीवर असेल तर रुग्णाला ठाऊकही नसतो. १८७३ साली हॅन्सेनला हा जंतू सापडला. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेले बहुऔषधी उपचार आहेत आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतात. भारतानं २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या रोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून तरुण डॉक्टरांच्या मनातून तो पुसला गेला, पण विदर्भात आणि कोकणाच्या आदिवासी पट्ट्यांत नवे रुग्ण निघायचे थांबलेले नाहीत. अमरावतीच्या तपोवनाची आणि वरोऱ्याच्या आनंदवनाची परंपरा असलेल्या राज्यात, वाकडी करंगळी पाहून ‘मानेतली नस दबली’ म्हणणं मला खटकतं. जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अँटिया यांनी कुष्ठरोगानं वाकलेल्या हातांसाठी आणि बिघडलेल्या चेहऱ्यांसाठी हयात घालवली. त्याआधी वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी शाबूत कंडरा नव्या जागी जोडून मिटलेली बोटं उघडून दाखवली होती. हातावरच्या शस्त्रक्रियेच्या आपल्याकडच्या इतिहासाची पहिली पानं या रुग्णांनी लिहिली आहेत. म्हणून या पुस्तकात त्यांना तळटीपेत ढकललेलं नाही, स्वतंत्र प्रकरण आहे.

नस दबून तुटक झाली तर ती रोज साधारण एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून हाताच्या बारीक स्नायूंपर्यंतचं अंतर धरा तीस सेंटिमीटर, म्हणजे दहा महिने. स्नायू तोवर वाट पाहतो, पण अनंत काळ नाही. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू नस पोचली तरी उठेलच असं नाही. बधिरपणाला तारीख असते असं मी रुग्णांना सांगतो, ते या हिशेबानं.

रेडियल नसेचं प्रकरण मात्र सहसा सुखान्त असतं. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून, बहुतेकदा दारूच्या अमलाखाली, माणूस गाढ झोपतो. सकाळी मनगट लुळं पडलेलं असतं. घरात लकवा मारल्याची रडारड सुरू होते. चेहरा, बोलणं आणि पाय ठीक आहेत, दंडाच्या बाहेरच्या बाजूला दाब आल्याचा इतिहास आहे, एवढं जुळलं तर काही आठवडे मनगटाला आधार द्यावा. बहुतेकांचा हात परत येतो.

आता दुसरी जात, कंडरांची. इथे पहिला मान अर्थात टेनिस एल्बोचा. १८८२ च्या सुमारास लॉन टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताविषयी इंग्लंडमध्ये लिहिलं गेलं आणि नाव चिकटलं. प्रत्यक्षात टेनिसची रॅकेट कधी न धरलेली माणसंच यात जास्त. मराठी घरांत हे नाव पोचवलं सचिन तेंडुलकरनं. २००४ साली त्याचा कोपर दुखू लागला, २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि त्या दोन वर्षांत कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवून ‘सचिनला झालं तेच ना?’ असं विचारणारे रुग्ण वाढले. तेच, पण त्याच्यासारखं ऑपरेशन लागणारे अगदी थोडे. पिळे घालून धुणं पिळणं, भरलेली बादली उचलणं, पान्हा फिरवणं यांत मनगट मागे ताणून धरणारी कंडरा तिच्या मुळाशी झिजते. सूज फार नसते, झीज असते. म्हणूनच सूज मारणारं स्टिरॉइड इथे फसवं ठरतं. इंजेक्शननं सहा आठवड्यांत झकास वाटतं, पण वर्षानंतर पाहिलं तर इंजेक्शन घेतलेले हे न घेतलेल्यांपेक्षा मागे राहिलेले दिसतात. हे चांगल्या तुलनात्मक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. तरीही इंजेक्शनची मागणी कमी होत नाही. दुखऱ्या माणसाला सहा आठवडे दिसतात, वर्ष दिसत नाही. वजन हळूहळू वाढवत नेणारा व्यायाम आणि उचलण्याची पद्धत बदलणं हे कंटाळवाणे उपाय आहेत, आणि तेच टिकाऊ आहेत.

बोट अडकण्याचं दुखणं, म्हणजे ट्रिगर फिंगर, समजायला सोपं आहे. परकराच्या नेफ्यात नाडीची गाठ अडावी तशी जाड झालेली कंडरा तळव्यातल्या कडीपाशी अडते. सकाळी मूठ उघडताना एक बोट मागे राहतं आणि मग दुसऱ्या हातानं सोडवावं लागतं, टक्‌ असा आवाज होऊन. इथे मात्र स्टिरॉइडचं इंजेक्शन खरंच चांगलं काम करतं. एकाच औषधाबद्दल कोपराशी एक आणि बोटाशी दुसरं मत का, असा प्रश्न वाचकाला पडावा. उत्तर असं की इथे त्रास आवरणाचा आणि जागेचा आहे, मुळाच्या झिजेचा नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला होणाऱ्या दुखण्याचंही तेच. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ द केर्व्हेन यांनी १८९५ साली ते वर्णिलं. ते सर्वांत जास्त दिसतं बाळंतिणींत. बाळाला काखेत धरून, अंगठे ताठ ठेवून दिवसातून कितीदा उचललं जातं याचा हिशेब नसतो. तळवा बाळाच्या ढुंगणाखाली आणि मानेखाली सरकवून उचलायला शिकवलं की निम्म्या जणींचं काम भागतं, हा माझा अंदाज. आकडा म्हणून कुणी उद्धृत करू नये.

गोठलेल्या खांद्याला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव १९३४ साली बोस्टनच्या कॉडमन यांनी दिलं. चाळिशी ते साठीत येतो, मधुमेह्यांत जास्त येतो आणि जास्त रेंगाळतो. कधी कधी खांद्यासाठी आलेल्या माणसाची साखर पहिल्यांदा इथेच सापडते. वेणी घालता येत नाही, मागचा हुक लागत नाही, एसटीत वरची दांडी धरता येत नाही. ओळखायची खूण अशी : कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला वळवायचा. रुग्णाला तो वळवता येत नाही आणि डॉक्टरलाही वळवता येत नाही. डॉक्टरनं वळवला तर वळतो, पण स्वतःला उचलता येत नाही, असं असेल तर खांदा गोठलेला नाही, कंडरा फाटलेली असण्याची शक्यता मोठी. हा फरक न करता दोन्ही खांद्यांना एकच मशीन लावणं सर्रास चालतं. सुश्रुतानं निदानस्थानात ‘अवबाहुक’ खांद्याशी ठेवला आणि ‘विश्वाची’ बोटांकडे जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे दुखणं कोणत्या मार्गानं जातं यावरून दोन वेगळी नावं दिली. ही शिस्त आज टाकून द्यावी असं तिच्यात काही नाही.

पायाकडे येताना पुन्हा एमआरआयच आडवा येतो, या वेळी कमरेचा. खुरपणीला किंवा कांदा काढायला माणसं तासन्‌तास उकिडवी बसतात. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, नळीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते आणि तिथे तिच्यावर कातडीपलीकडे फारसं काही नसतं. उकिडवं बसलं की ती दबते. सगळ्यांच्याच पायाला मुंग्या येतात आणि उठून चार पावलं टाकली की जातात. हंगामाच्या धामधुमीत एखाद्याच्या जात नाहीत. दुसऱ्या दिवशी चवडा उचलत नाही, बोटं जमिनीला घासतात, चप्पल पायातून निसटते. लगेच कमरेतल्या नसेचा संशय येतो, आणि संशय येणं बरोबरच आहे, कारण तिथली पाचवी नस दबली तरी चवडा पडतो. फरक पाहायला पाऊल आतल्या बाजूला वळवून ताकद बघावी. ती शाबूत असेल तर दोष बहुधा गुडघ्याशी आहे, कमरेत नाही. उकिडवं बसणं बंद केलं की बहुतेक पाय काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सावरतात. मजुराला ‘बसू नका’ सांगताना त्याची रोजंदारी कशी भागायची, हा प्रश्न मात्र तपासणीच्या टेबलावर सुटत नाही. बसायला बुटकं स्टूल किंवा कमरेला बांधायची गादी हा मधला मार्ग आहे आणि तो वापरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर होते, जळजळते, ताकद मात्र पूर्ण असते. कारण जांघेशी दबलेली नस फक्त कातडीची आहे. १८९५ साली याविषयी लिहिणाऱ्यांत सिग्मंड फ्रॉइड होता आणि रुग्ण तो स्वतःच होता. घट्ट जीन्स, पोलिसी पट्टा, वाढलेलं पोट, करकचून आवळलेली परकराची नाडी ही नेहमीची कारणं. उपचाराचा पहिला कागद लिहायच्या आधी नाडी सैल करायला सांगावी.

टाचदुखीबद्दल एवढंच की सकाळी उठल्यावरचं पहिलं पाऊल जीव काढतं आणि दहा पावलांनी बरं वाटतं, ही तिची सही. एक्स-रेत दिसणारं वाढलेलं हाड काहीच न दुखणाऱ्या टाचांतही दिसतं; ते कापायला निघू नये. घरातल्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी फिरणं थांबवावं, पोटरी आणि तळव्याचे ताण नेमानं द्यावेत. वर्षभरात बहुतेक टाचा शांत होतात.

कामामुळे होतं का, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. त्याचा पहिला मोठा विद्यार्थी इटलीचा बर्नार्दिनो रामाझिनी. १७०० साली त्यानं कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यानं रुग्णाला त्याचा धंदा विचारलाच पाहिजे असा आग्रह धरला. १७१३ च्या पुरवणीत त्यानं कारकुनांच्या हातांविषयी लिहिलं. एका नोटरीचा उजवा हात निकामी झाला, तो डाव्यानं लिहायला शिकला आणि थोड्याच काळात डावाही तसाच झाला, ही हकिगत तिथेच आहे. १९०८ मध्ये ब्रिटननं तारवाल्यांच्या हाताला येणारा पेटका भरपाईयोग्य आजारांच्या यादीत घातला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टायपिस्टांच्या हातदुखीची लाटच आली आणि काही वर्षांत ओसरली. ती स्नायूंची होती की मनाची की मालकांच्या धोरणाची, यावर अजून वाद होतात.

आज सगळं खापर कीबोर्डवर फुटतं. कार्पल टनेलच्या बाबतीत कीबोर्डविरुद्धचा पुरावा लेचापेचा आहे. जोर लावून पुन्हा पुन्हा मूठ आवळणं आणि थरथरतं अवजार धरणं यांच्याविरुद्धचा मात्र भक्कम आहे. म्हणजे पुण्यातल्या आयटी कंपनीतल्या हातापेक्षा निफाड-दिंडोरीकडे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीत दिवसभर कात्री दाबणारा हात, हातानं म्हशी पिळणाऱ्याचा हात, रस्त्यावर काँक्रीट फोडणाऱ्याचा हात जास्त धोक्यात आहे. आयटीतला हात तपासायला येतो, त्याच्याकडे विमा असतो, त्याच्यासाठी खास खुर्च्या निघतात. छाटणीवाला हंगाम संपल्यावर येतो, नाहीतर येतच नाही. या पुस्तकात कामांनुसार केलेलं प्रकरण त्यामुळे शेतातून सुरू होतं आणि कचेरीत संपतं.

काय घेतलेलं नाही तेही सांगतो. मोडलेली हाडं नाहीत, आमवातासारखे सांध्यांचे दाहक आजार जेवढ्यास तेवढे आहेत, गुडघ्याच्या झिजेवर मराठीत पुरेसं लिहिलं गेलं असल्यानं तिला थोडकीच पानं दिली आहेत. चोळणं आणि नस बसवणं यांच्यावर मी टीका करत सुटलेलो नाही. हलक्या हातानं तेल लावल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. होतं ते बधिर भागाला गरम विटेचा शेक दिल्यानं, कारण भाजल्याचं कळत नाही. मधुमेह्यांच्या पायांना तर शेक देऊच नये.

पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता आहे आणि त्यात तीन ओळी ठळक छापल्या आहेत. हाताची किंवा पायाची ताकद एकाएकी जाणं ही पहिली. दोन्ही पायांत किंवा जांघांत बधिरपणा येऊन लघवीवरचा ताबा सुटणं ही दुसरी. तिसरी प्लास्टरची, किंवा हाडवैद्यानं बांधलेल्या कामट्यांची : आत कळा वाढत जातात, गोळीनं थांबत नाहीत आणि बोटं कुणी सरळ केली की माणूस किंचाळतो. तेव्हा बंद आवरणातला दाब नस आणि स्नायू दोन्ही मारत असतो आणि तिथे हिशेब महिन्यांचा नसतो, तासांचा असतो. अशा वेळी बांधलेलं सगळं लगेच सोडवून घ्यावं, आणि त्यासाठी डॉक्टरांना रात्री तीन वाजता उठवावं लागलं तरी खुशाल उठवावं.